विषय : छिद्रांच्या बॅरलच्या .32 पिस्तुलाबाबत दिशाभूल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या मुंबईच्या दुकानातून मी परवान्यावर नेमबाजीच्या सेंटर फायर स्पर्धाप्रकारासाठी .32 पिस्तूल घेतले. माझे मनगट जुने दुखणेकरी आहे, हे विक्रेत्याला आधीच सांगितले होते. त्यावर "पोर्टेड बॅरल (वरच्या अंगाला छिद्रे पाडलेली नळी) घ्या, झटका निम्म्यावर येतो" असे उत्तर मिळाले. आपल्या माहितीपत्रकातही तेच छापले आहे. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले.

वरळीच्या रेंजवर सराव सुरू केल्यावर मनगटाला काडीचाही फरक जाणवला नाही. जाणवणार कसा? बॅरलच्या वरच्या अंगाला पाडलेल्या छिद्रांतून वायू वर सुटतो आणि नळीचे तोंड थोडे खाली दाबले जाते. म्हणजे नळीची वर जाणारी उसळी कमी होते. मागचा धक्का जवळपास तसाच राहतो. उसळी किती कमी व्हावी हेही वायूवर ठरते. .44 मॅग्नम या जोरकस काडतुसात 240 ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) गोळीमागे 20 ग्रेनहून अधिक बंदुकीची दारू असू शकते, वायूचा कमाल दाब 36,000 पीएसआय (दाबाचे एकक). तिथे छिद्रांना काम आहे. आमच्या .32 एस अँड डब्ल्यू लाँग काडतुसात सुमारे 100 ग्रेनच्या गोळीमागे जेमतेम दोन ग्रेन दारू, दाबाची मर्यादा 15,000 पीएसआय. एवढ्याशा वायूने काय दाबले जाणार?

शिवाय सेंटर फायरच्या जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर येते, एकच गोळी झाडायची आणि हात खाली. पुढच्या गोळीला सात सेकंद अवकाश. नळी पटकन जागेवर यावी अशी घाई इथे कुणाला आहे?

फायदा नाही, त्रास मात्र आहे. मऊ शिशाची वॅडकटर (सपाट तोंडाची) गोळी छिद्रांच्या कडांवर खरवडली जाते. फ्रंट साइटवर (नेम धरायच्या पुढच्या खुणेवर) राखाडी थर बसतो, तिची काळी कड दिसेनाशी होते आणि सरावानंतर छिद्रे कोरत बसावे लागते. शेजारच्या लेनमधले गृहस्थ छिद्रांमुळे वाढलेल्या आवाजाला वैतागून जागा बदलून गेले. त्यांचे काय चुकले?

पिस्तुलाची नोंद परवान्यावर झाली आहे, त्यामुळे ते मिक्सरसारखे परत करता येत नाही, हे आपल्या विक्रेत्याला विकतानाही ठाऊक होते. तेव्हा परवानाधारक कारागिराकडून साधी बॅरल आपल्या खर्चाने बसवून द्यावी, नाहीतर दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक परत करावा. "निम्म्यावर" हा दावा कोणत्या काडतुसावर, कशाने मोजला, तेही लेखी कळवावे. मोजलेला नसेल तर माहितीपत्रकातून काढावा.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार ग्राहक आयोगाकडे करीन. पावती आणि माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपला एक ग्राहक
मुंबई