ताडोब्यातल्या गाइडदादांना

गाइडदादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला न विचारता ते चार लोकांत घेणं बरं दिसत नाही. पण मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मोहर्ली गेटवर ज्या पाच मित्रमैत्रिणींच्या जिप्सीला तुमचा नंबर लागला आणि ज्यांतल्या एकीच्या हातात पांढरी काठी होती, ते आम्ही. एवढ्यावरून ओळखाल.

ती खरं तर येणारच नव्हती. "तुम्ही वाघ बघाल, मी काय करू? मी खोलीवर थांबते," असं दोन आठवडे चाललं होतं. त्याला कारण होतं. पूर्वी एका दुसऱ्या जंगलाच्या फाटकावर "यांना कशाला नेता आत, यांना काय दिसणार?" हे तिच्यादेखत बोललं गेलं होतं. त्यामुळे तुम्ही काठीकडे पाहिलंत तेव्हा आम्हा चौघांच्या पोटात गोळा आला. आमच्याकडे न वळता तुम्ही तिलाच विचारलंत, "ताई, कान कसे आहेत?" ती म्हणाली, "चांगले आहेत." "मग माझ्या अगदी पाठीमागे बसा."

निघण्याआधी पाच मिनिटं होती. तुम्ही तिला वाघाच्या पावलाच्या प्लास्टरच्या साच्याशी नेलंत आणि तिचा हात त्यावर ठेवलात. चार बोटं, मागे मोठी गादी, गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. तिने विचारलं, नखं कुठे आहेत? चालताना वाघ नखं आत ओढून घेतो, म्हणून ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात मात्र दिसतात, असं तुम्ही सांगितलंत. आमच्यापैकी कुणालाही हे ठाऊक नव्हतं. ठसे आम्ही चौघांनी याआधीही पाहिले होते, पण कधी असा प्रश्न पडला नव्हता.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं आम्ही काय केलं ते आठवलं की वाईट वाटतं. चौघंही एकाच वेळी तिला सांगत होतो: डावीकडे चितळ आहेत, आता मोर, बघ बघ रानगवा! तुम्ही मागे वळून हळू आवाजात म्हणालात, "तुम्ही थोडं थांबाल का? ताईंना ऐकू द्या." मग ड्रायव्हरदादांना खूण केलीत, आणि इंजिन बंद झालं.

त्यानंतरच्या दीड-दोन तासांसाठी हे पत्र आहे.

तुम्ही एकेक आवाज तिच्या हाती दिलात. हा कोतवाल पक्षी. हा तांबट, एकसारखा टुक-टुक करतोय. सागाच्या वाळलेल्या पानांवर हलकी, भराभर खसखस झाली तर बहुधा सरडा नाहीतर सातभाई पक्षी, आणि सावकाश, तोलून टाकलेलं जड पाऊल वाजलं तर श्वास धरायचा. चितळ ओरडलं म्हणून लगेच धावायचं नाही, ते कोल्ह्यालाही ओरडतं. झाडाच्या शेंड्यावरचं वानर खकारलं तर लक्ष द्यायचं, कारण त्याला वरून दिसतं. आणि सांबराने "पोंक" केलं तर समजायचं, वाघ जवळपास असणार, "सांबर उगाच बोलत नाही." वाटेत रस्त्याकडेचे गोंड राजांच्या काळातले दगडी खांब आले. त्यांना दोर आणि घंटा बांधलेल्या असत, राजा निघाला की त्या वाजत, असं सांगतात, हे तुम्ही तिला सांगितलंत. मी ते खांब कितीदा तरी पाहिले होते. त्यांचा आवाज डोक्यात आला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मध्येच तिने विचारलं, "वाघाचा वास कसा असतो?" हा प्रश्न मी पुस्तकी ठरवून सोडून दिला असता. तुम्ही ड्रायव्हरदादांना गाडी थोडी मागे घ्यायला लावलीत, रस्त्यालगतच्या एका तिरक्या बुंध्याजवळ. उतरायला परवानगी नाही, म्हणून खोड हातभर अंतरावर येईपर्यंत गाडी सरकवली. "आता श्वास घ्या." आधी तिने नाक मुरडलं, मग पुन्हा वास घेतला आणि म्हणाली, "हा तर बासमती भात!" तुम्ही हसलात. हद्द आखण्यासाठी वाघ मागे, वरच्या बाजूला जो फवारा मारतो त्यात २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन नावाचं द्रव्य असतं आणि बासमतीचा सुवासही त्याचाच, हे मी घरी आल्यावर वाचलं. तिला ते नाकानेच कळलं होतं. आम्ही चौघं एकमेकांच्या अंगावरून वाकून वास घेत होतो.

आणि मग तो कॉल, सांबराचा इशारा. पावणेसहा वाजले असतील. आम्ही बोलत नव्हतो, पण ऐकतही नव्हतो. तीच म्हणाली, "दादा, उजवीकडे. लांब. पोंक." तुम्ही हात वर केलात, सगळे थिजलो. पुन्हा एकदा आला. तुम्ही ड्रायव्हरदादांना फक्त "पाणवठा" एवढंच म्हणालात.

वाघीण आमच्याआधी पोचली होती. पाठमोरी पाण्यात उतरून तोंड झाडीकडे करून बसली होती. आणखी चार जिप्सी होत्या, कॅमेरे कडकडत होते, एक गाडी मागे-पुढे होत होती. माझ्या मते सफारीत वाघाहून जास्त त्रास माणसांच्या या धडपडीचा होतो. त्या क्षणी मलाही फोटो हवा होता, हे लपवत नाही. तुम्ही उभे राहून त्या गाड्यांतल्या गाइडांना हात जोडलेत, मग आपल्या कानाकडे बोट केलंत आणि मग तिच्याकडे. काय समजले ते त्यांनाच ठाऊक, पण एकेक करून इंजिनं बंद झाली. कॅमेरेही थांबले.

वाघीण पाणी पीत होती. ते ऐकू येत होतं, दादा! लपक्, लपक्, मध्ये एक जड निःश्वास, पुन्हा लपक्. पाणी हलल्याचा बारीक आवाज. आमच्या मैत्रिणीने जिप्सीच्या दांडीवर दोन्ही हात ठेवले होते आणि तिची बोटं त्या लयीत हलत होती. मी डोळे मिटून घेतले. तोपर्यंत वाघ पाणी पिताना मी तीनदा पाहिला होता. ऐकला त्या दिवशी.

वाघीण उठून गेल्यावर तुम्ही विचारलंत, "ताई, हात देता का?" आणि तिच्या तळहातावर बोटाने त्या वाघिणीच्या डाव्या गालावरचे पट्टे काढलेत. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात, कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंवरून वाघ मोजतात तेही अंगावरच्या पट्ट्यांवरूनच, आणि तुम्ही लोकही हिला यावरूनच ओळखता, असं सांगत सांगत. तिने तुम्हाला ते पुन्हा काढायला लावलं. परतीच्या वाटेवर अंधारू लागलं, रातवा पक्ष्याची चक्-चक्-चक् सुरू झाली, तरी तिचं दुसरं बोट तळहातावर तीच रेघ गिरवत होतं.

गेटवर तुम्ही पुढच्या कामाला निघून गेलात. पाच जणांपैकी एकालाही धड बोलायला सुचलं नाही. मी "थँक यू" म्हणालो, ते फार अपुरं होतं. ड्रायव्हरदादांना तर तेवढंही म्हणालो नाही. दर वेळी तुम्ही खूण करायच्या आधीच त्यांचा हात चावीवर असायचा, हे मी पाहिलं होतं. त्यांनाही हे पत्र वाचून दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला वेगळे गाइड होते, तेही चांगले होते. त्यांना आमच्या मैत्रिणीनेच सांगितलं, "दादा, मी तुमच्या अगदी पाठीमागे बसते, आणि अधूनमधून इंजिन बंद करा." दोन आठवडे "मी काय करू?" म्हणणारी बाई ती हीच. आम्ही काही न बोलता मागे सरकून बसलो.

पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो, म्हणून ऑक्टोबरात येतोय, पाचही जण. तुमचा नंबर आमच्या गाडीला लागेलच असं नाही, पण गेटवर हाक मारू. तिला तुम्हाला सांबराचा कॉल ऐकवायचा आहे. जूनपासून सराव चालला आहे. आम्हाला तो हुबेहूब वाटतो, पण ती म्हणते, दादांनी ऐकल्याशिवाय खरं मानायचं नाही.