गेम झाला, आता दशावतारही बंद करा!

महोदय,

मारामारीच्या मोबाइल गेममुळे मुले रात्री घाबरून उठतात, म्हणून गेम बंद करा, असे सांगणाऱ्या लेखाला कालच्या रविवार पुरवणीत अर्धे पान दिलेत, आभार. पण दहाला झोपलेला मुलगा साडेअकराला किंचाळत उठून बसतो, आईलाही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही म्हणजे काही आठवत नाही, हे गेमचे स्वप्न नव्हे हो! डॉक्टर त्याला नाइट टेरर म्हणतात. तो येतो गाढ झोपेतून, रात्रीच्या पहिल्या टप्प्यात. अंगात ताप किंवा जागरण असले की जास्त. गेमचा संबंध असलाच तर जागरणापुरता. अशा मुलाला गदागदा हलवू नये. तुमच्या लेखातले पाण्याचे हबके तर मुळीच नकोत. जवळचे टोकदार सामान बाजूला करावे, पडणार नाही एवढे पाहावे. बहुधा काही मिनिटांत ते निवते. देवाला गाऱ्हाणे घालायचे तर खुशाल घाला, पण पोराला झोपू द्या.

भयस्वप्ने येतात ती बहुतेक पहाटेकडे, कारण पापण्यांआड डोळे भिरभिरणारी रेम झोप तेव्हा लांबते. त्यातून उठलेले मूल भानावर असते, काय दिसले ते सांगते. रात्रभर जत्रेतले दशावतारी नाटक बघून पहाटे आडवे होणाऱ्याच्या वाट्याला नेमकी हीच झोप जास्त येते. स्वप्नात त्यातला राक्षस संकासुर आला म्हणून जत्रा बंद करा, असे कोणी लिहीत नाही! आणि आठवडाभर रात्री एक वाजता झोपून सहाला एसटी पकडणाऱ्या मुलाची हीच पहाटेची झोप कापली जाते. रविवारी ती वसूल होते आणि स्वप्ने दणकून पडतात.

गेम डोक्यात शिरतो, हे खरेच. हार्वर्डचे झोपेचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २७ जणांना तीन दिवसांत सात तास टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम खेळायला लावला. त्यातल्या १७ जणांना डोळा लागताना ठोकळे पडताना दिसले. त्यांत स्मृती गेलेले तिघे होते, ज्यांना आपण खेळलो हेच आठवत नव्हते! हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. टेट्रिसमध्ये ना रक्त, ना बंदूक. तुमचा लेख मात्र सगळा मारामारीवरच घसरला.

जाता जाता : शनिवारच्या अंकात भरती-ओहोटीच्या वेळा शुक्रवारच्याच छापल्यात. भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, एवढे तरी मुद्रितशोधकांच्या कानावर घाला.

– एक वाचक, वेंगुर्ले