आभाराच्या जेवणाला बोलावताना आधी विचारा

संपादक महोदय,

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगवर मराठी वृत्तपत्रांत लेख येऊ लागतात. टर्की हा भाजलेला पक्षी, भोपळ्याचा गोड पंपकिन पाय आणि दुसऱ्या दिवशीची, शुक्रवारची खरेदी यांपलीकडे ते सहसा जात नाहीत. तिथल्या अनेक गावांत या सणाच्या आठवड्यात चर्च, सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), मशीद आणि मंदिरांतली माणसे एकत्र जमतात. मराठी घरांतही शेजारचे मुस्लिम कुटुंब, ऑफिसातला ज्यू सहकारी आणि भारतातून आलेले शाकाहारी आईवडील एकाच टेबलाभोवती बसतात. अशा भेटींचे वर्णन 'सर्वधर्मसमभाव' या एका शब्दात उरकले जाते. आमच्या मते अशी भेट रंगते की फिसकटते हे स्वयंपाकघर, घड्याळ आणि प्रश्न विचारण्याची रीत या तीन गोष्टींवर ठरते. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी आमंत्रणाचे. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. 1863 मध्ये लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभारदिन म्हणून जाहीर केला आणि चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो 1941 मध्ये. तो कोणत्याही एका धर्माचा सण नाही, म्हणून अनेक अमेरिकी मुस्लिम कुटुंबे तो आनंदाने पाळतात. कुराणातल्या सूरह इब्राहिममध्ये, तुम्ही कृतज्ञ राहिलात तर मी तुम्हाला अधिक देईन, असे वचन आहे. मग वर्षातला एक दिवस आभारासाठी राखायला हरकत कसली, असे ते म्हणतात. पण काही मुस्लिमांची भूमिका वेगळी आहे. दरवर्षीचे सण दोनच, ईद-उल-फित्र आणि ईद-उल-अजहा, त्यात तिसऱ्याची भर नको, असे त्यांना मनापासून वाटते. दोन्ही मते मानणारी माणसे एकाच मशिदीत शेजारी शेजारी उभी असतात. त्यामुळे आमंत्रण नाकारता येईल असे हवे. 'गुरुवारी सुट्टी आहे, जेवायला या, जमत नसेल तर शनिवारी या' एवढे म्हटले की पुरते. शनिवारी आलेल्याला उष्टावळ वाढू नका, एवढे मात्र पाहा.

आता स्वयंपाकघर. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पाहुणा 'हलाल' म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय अभिप्रेत आहे, हे फोनवरच विचारून घ्यावे. ज्यू आणि ख्रिस्ती यांचे अन्न कुराणाने वैध ठरवले आहे, या आधारावर काही जण सुपरमार्केटमधली साधी टर्की खातात. काहींना झबिहाच हवी, म्हणजे अल्लाहचे नाव घेऊन कापलेली. त्यातही हाताने कापलेली की यंत्राने, यावर मतभेद आहेत. 'चालतं हो सगळं' या उत्तरावर विसंबू नये, कारण भिडेपोटी माणसे तसे म्हणतात आणि मग जेवताना फक्त सॅलड आणि ब्रेड घेतात. 'कोणत्या दुकानातून आणू?' असे विचारले तर खरे उत्तर मिळते.

एकदा झबिहा ठरली की दोन टर्की आणायच्या भानगडीत पडू नये. एकच हलाल टर्की भाजावी. बहुतेक ख्रिस्ती आणि मांसाहारी हिंदू पाहुण्यांना तिची अडचण नसते. अडचण येते ती अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांना. त्यांच्या रहत मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, हलाल मांस निषिद्ध आहे, आणि ही गोष्ट भारतीय यजमानही विसरतात. त्यांच्यासाठी शाकाहारी मुख्य पदार्थ भरपूर हवा, कोपऱ्यातल्या वाटीएवढा नको. कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम, काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पाहुण्याला तुमच्या भांड्यांत शिजलेले काहीच चालणार नाही. त्याच्यासाठी बंद डबा मागवावा किंवा तो स्वतः काय आणेल ते विचारावे. थोडी सूट घेणारा असेल तर निदान मांसाबरोबर लोणी-दूध नको, म्हणजे बटाट्याचा मॅश लोण्याऐवजी तेलात करावा.

हलाल टर्की प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून दोन-तीन आठवडे आधी सांगून ठेवावी. माणशी एक ते दीड पौंड धरावे. गोठलेल्या टर्कीचा बर्फ फ्रिजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांना 24 तास लागतात. पंधरा पौंडांची टर्की रविवारी संध्याकाळपर्यंत फ्रीजरमधून फ्रिजमध्ये आली नाही तर गुरुवारी सकाळी आत बर्फ असतो. तसे झालेच तर पिशवीसकट थंड पाण्यात बुडवावी, पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे आणि पौंडाला अर्धा तास धरावा. गरम पाणी वापरू नये, बाहेरचा थर जंतू वाढण्याइतका कोमट होतो आणि आतला तसाच राहतो. पोकळीतली मान-काळजाची पुडी काढायला विसरू नये. मीठ दोन दिवस आधी चोळावे, पाच पौंडांना जाडे मीठ एक टेबलस्पून. पण मिठाचे पाणी टोचल्याचे लेबलवर लिहिले असेल तर वरून मीठ नको, नाहीतर टर्की खारट होते आणि ग्रेव्ही त्याहून खारट. 325 अंश फॅरनहाइटवर पंधरा पौंडांना चारएक तास लागतात, पण खरा निर्णय थर्मामीटरचा. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकता, 165 अंश दिसले पाहिजेत. मग वीस-तीस मिनिटे तशीच राहू द्यावी. लगेच कापली तर रस ताटात वाहून जातो आणि मांस कोरडे पडते.

इतके करूनही हलाल पाहुणा उपाशी राहू शकतो, कारण चूक टर्कीत नसते, बाजूच्या पदार्थांत असते. स्टफिंग (टर्कीत भरायचे ब्रेडचे सारण), मॅश आणि ग्रेव्ही यांत सर्रास डब्यातला चिकन स्टॉक घालतात, आणि तो हलाल नसतो. भाज्यांचा स्टॉक वापरला तर मुस्लिम आणि शाकाहारी दोघांचाही प्रश्न सुटतो. रताळ्याच्या कॅसरोलवर पसरतात त्या मार्शमेलोत जिलेटिन असते, बहुधा डुकराचे. त्याऐवजी पेकान आणि ब्राउन शुगरचा थर द्यावा. तयार पायच्या पारीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. लोण्याची पारी आणावी. फरसबी आणि ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये बेकन टाकायची तिथे रीत आहे. ग्रेव्हीत वाइन घालतात, ती उकळल्याने हलाल होत नाही. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टमध्ये नियमानुसार किमान 35 टक्के अल्कोहोल असते. काही मुस्लिम एवढ्याशा थेंबाकडे दुर्लक्ष करतात, काही करत नाहीत. व्हॅनिला पावडर वापरली की विषयच मिटतो. स्टफिंग टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या ट्रेमध्ये भाजावे, म्हणजे शाकाहाऱ्यांना खाता येते आणि ते 165 अंशांपर्यंत पोचले की नाही तेही नीट कळते.

पदार्थांशेजारी चिठ्ठ्या ठेवाव्यात, पण 'हलाल' किंवा 'व्हेज' एवढेच लिहून थांबू नये. 'भोपळा, लोणी, अंडे, लोण्याची पारी' असे घटकच लिहावेत. नियम ज्याचा त्याला ठाऊक असतो, घटक फक्त तुम्हाला ठाऊक असतात. प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र डाव द्यावा. टर्कीचा डाव भाजीत गेला की शाकाहारी आजीचे जेवण तिथेच संपते, आणि ती बोलणारही नाही.

दारूबद्दल स्पष्ट बोलावे. जिथे दारू फिरते त्या पानावर बसू नये, असे हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आहे, त्यामुळे धार्मिक मुस्लिमाला समोर वाइनची बाटली असली तरी अवघडते. 'तुम्ही नका घेऊ, काही हरकत नाही' हे त्यावरचे उत्तर नव्हे. जेवण संपेपर्यंत दारू नसेल, हे सगळ्याच पाहुण्यांना आधी कळवावे, म्हणजे कोणी भेट म्हणून बाटली घेऊन दारात उभा राहत नाही.

घड्याळाकडे यजमानाचे लक्षच नसते. थँक्सगिव्हिंगचे जेवण बहुतेक घरांत दुपारी तीन-चारला असते आणि नोव्हेंबरच्या शेवटी न्यूयॉर्कला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, बोस्टनला त्याही आधी, ह्यूस्टनला पाचनंतर. म्हणजे मगरीबची, सूर्यास्तानंतरची नमाज नेमकी जेवणाच्या मध्यात येते. ही वेळ तासा-सव्वातासाची असते, म्हणून मुख्य जेवण आणि गोड यांच्यामध्ये पंधरा मिनिटे मोकळी ठेवली की कोणाला चोरट्यासारखे उठावे लागत नाही. एक स्वच्छ खोली द्यावी, जिथे कुत्रा फिरत नसेल आणि समोरच्या भिंतीवर फोटो किंवा मूर्ती नसेल. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, बाथरूममध्ये कोरडा टॉवेल ठेवावा आणि फरशी पुसायला एक फडके. पाय धुताना पाणी सांडतेच, त्याचा पाहुण्याला संकोच नको. दिशेचा अंदाज भारतातल्या सवयीने पश्चिम असा सांगू नये. न्यूयॉर्कहून मक्केची दिशा ईशान्य आहे आणि पश्चिम किनाऱ्यावरून ती आणखी उत्तरेकडे सरकते. फोनवरचे होकायंत्र फ्रिजजवळ किंवा लोखंडी कपाटाजवळ चुकते, ते खोलीच्या मध्यभागी धरून पाहावे.

आता ज्यासाठी हे सगळे, ते बोलणे. जेवणाआधी टेबलाभोवती प्रत्येकाने आभार सांगायचे, ही तिथली जुनी चाल. चौदा माणसे प्रत्येकी तीन मिनिटे बोलली तर बेचाळीस मिनिटे जातात, अन्न निवते आणि मुले रडकुंडीला येतात. आधी फक्त प्रार्थना असाव्यात. इथे धर्मांच्या रीतीच मदतीला येतात. ख्रिस्ती ग्रेस आणि आपला श्लोक जेवणाआधीचा. मुस्लिम बिस्मिल्ला म्हणून जेवायला सुरुवात करतो, पण आभाराची दुआ जेवण झाल्यावर म्हणतो, आणि ज्यूंची सविस्तर आभारप्रार्थनाही जेवणानंतरचीच. म्हणून दोन आधी, दोन नंतर असे सहज बसते. सर्वांना चालेल अशी सपक प्रार्थना कोणी लिहू नये. ख्रिस्ती माणसाने येशूचे नाव घ्यावे, मुस्लिमाने अल्लाहचे. फक्त 'आपण सगळे' म्हणण्याऐवजी 'मी' किंवा 'आम्ही ख्रिस्ती' म्हणावे, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द जात नाहीत.

मनोगते गोड पदार्थांच्या वेळी व्हावीत. 'तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?' असे विचारले की कुटुंब, तब्येत, नोकरी अशी तीच ती उत्तरे फिरतात. त्याऐवजी 'यंदा कोणाचे आभार मानायचे राहून गेले?' असे विचारून पाहावे. अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या संग्रहांत हदीस आहे की, जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही. त्यामुळे या प्रश्नाला मुस्लिम पाहुण्याला आपल्या परंपरेतून बोलता येते, आणि देव न मानणाऱ्यालाही तितकेच मोकळे उत्तर देता येते. उत्तरात नर्स येते, शाळेच्या बसची चालक येते, भांडण झालेला भाऊ येतो. माणशी दोन मिनिटे पुरेत, कोणी बोलत असताना प्रश्न नको, लगेच प्रतिक्रिया नको, आणि गप्प राहायची मुभा असावी. सार्वजनिक कार्यक्रमात आठ-आठ जणांचे गट करावेत आणि एका गटात एकटाच मुस्लिम बसवू नये, दोघे तरी असावेत. एकटा असला की सगळा गट त्याला प्रवक्ता करून टाकतो.

हेच सर्वांत वारंवार बिघडते. बातम्यांत काही घडलेले असते आणि कोणीतरी विचारतो, 'तुमच्या लोकांचं यावर म्हणणं काय?' घरी जेवायला बोलावलेल्या दंतवैद्याने किंवा शिक्षिकेने जगभरातल्या मुस्लिमांच्या वतीने खुलासा द्यायचा, हा अन्याय आहे. तो थांबवणे पाहुण्याचे काम नाही, यजमानाचे आहे, आणि त्याने तिथल्या तिथे थांबवावे. 'तुम्ही मात्र चांगले मुस्लिम आहात' ही स्तुतीही तितकीच बोचते. आणखी एक वाक्य आपल्या लोकांच्या तोंडी फार असते: 'या देशाने आपल्याला किती दिलं!' अमेरिकी मुस्लिमांत सुमारे एक पंचमांश कृष्णवर्णीय आहेत. अमेरिकेतला इस्लाम स्थलांतरितांच्या व्हिसावर आलेला नाही, गुलामांच्या जहाजांतून आलेल्या पश्चिम आफ्रिकी मुस्लिमांपासून तो तिथे आहे. त्यांतल्या उमर इब्न सईद यांनी 1831 मध्ये अरबीत लिहिलेले आत्मचरित्र आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांत आणले त्यांनी त्याच सुरात आभार मानावेत, ही अपेक्षा धरू नये.

हा दिवसही सर्वांना आनंदाचा नाही. 1621 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्रज वसाहतकरी आणि वाम्पानोआग या मूलनिवासी जमातीचे प्रमुख मॅसासॉइट यांच्यासोबत आलेले नव्वदएक जण तीन दिवस एकत्र जेवले, ही गोष्ट शाळेत शिकवतात. पुढच्या अर्धशतकात झालेली युद्धे आणि गेलेली जमीन सांगायचे राहते. 1970 पासून याच गुरुवारी प्लिमथमध्ये मूलनिवासी शोकदिन पाळतात. आंतरधर्मीय सभेत याचा उल्लेख सुरुवातीलाच आणि साध्या शब्दांत व्हावा, शेवटच्या मिनिटात घुसडू नये. अनेक मुस्लिम तरुणांचा या सणावरचा आक्षेप धार्मिक नसून हाच असतो, आणि तो बोलायला त्यांना जागा मिळाली तर ते टेबल सोडून जात नाहीत.

शेवटी एक आगाऊ सूचना. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान मागे सरकत जातो. 2001 आणि 2002 मध्ये थँक्सगिव्हिंग रमजानात आला होता. 2033 मध्ये तो रमजानच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत येईल आणि 2034 मध्ये 23 नोव्हेंबरला नक्कीच महिन्याच्या मध्ये असेल. त्या वर्षांत तीनचे जेवण चालणार नाही. टर्की ओव्हनमध्ये अशा बेताने ठेवावी लागेल की ती सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने कापता येईल. सूर्यास्ताच्या क्षणी खजूर आणि पाणी टेबलावर हवे, मग मगरीबची नमाज, मग सर्वांचे जेवण. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे, पण डबे भरताना पहाटेच्या सहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणासाठी, पाहुण्यांना काय न्यायचे आहे ते आधी विचारावे आणि प्रत्येक डब्यावर घटकांची चिठ्ठी चिकटवावी.

आपले,
अमेरिकेत आंतरधर्मीय भोजनांच्या आयोजनात मदत करणारे काही मराठी वाचक