मॅडम, त्या वह्या आता आमच्याकडे द्या

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीच्या दिवशी कुणी भाषण करायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं. म्हणून हे असं जाहीरपणे लिहितेय. इथे तुम्हाला मध्येच थांबवता यायचं नाही.

तुम्ही गोव्यातल्या पेडण्याच्या, मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या घरातल्या. मुंबई विद्यापीठाच्या ज्या समाजशास्त्र विभागात शिकलात, तो १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला आणि पुढे मालवणच्या गो. स. घुर्यांनी घडवलेला. तिथून परतल्यावर संशोधनाला विषय निवडलात तो मात्र स्वतःच्या अंगणातला. १९७५च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण मिळालं, राहतं घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. तरी कितीतरी घरं मामलेदाराकडे अर्ज घेऊन का गेली नाहीत? भाटकाराने लेकीच्या लग्नात दिलेले पैसे, देवळातला मानपान, पिढ्यान्‌पिढ्यांची भीड, यांत तुम्ही उत्तर शोधलंत. आम्हाला मुंडकार म्हणजे महसुली कागदावरचा शब्द वाटायचा. तुमच्या तासाला तो आमचा आजोबा निघाला.

संस्कृतीकरणाच्या (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलण्याच्या) व्याख्या इतर शिक्षकांनीही पाठ करून घेतल्या. प्राध्यापकीच्या नेट परीक्षेला त्या उपयोगी पडल्या, नाही म्हणत नाही. तुमच्याकडे मात्र एक नियम होता, आणि त्याचा आम्हाला धाक होता: ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना ते त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचं. गुण त्यानंतर.

माझा प्रकल्प गोव्यातल्या लोहखनिजाच्या २०१२च्या खाणबंदीवर होता, डिचोली तालुक्यातल्या गावांचा. खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या मालकांच्या कर्जावरचं प्रकरण गावात वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे दाराशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "ट्रक बंद झाले तसा माझा चहाचा गाडाही बंद झाला. माझं कर्ज बँकेचं नाही, सोयऱ्यांचं आहे, म्हणून ते लिहायचं नाही का?" मग तिच्याकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असं करत प्रकल्पाला आणखी एक प्रकरण मिळालं. परीक्षकांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त विचारलंत, "हे तिला वाचून दाखवलंस?"

आता मी उच्च माध्यमिकमध्ये शिकवते आणि मुलांना तोच त्रास देते. त्यांचे पालक तक्रार करतात. तुमच्याकडेही करत असतील, तुम्ही कधी कळू दिलं नाहीत.

एक विनंती. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची टिपणं १९७० साली स्टॅनफर्डमध्ये आगीत जळाली आणि म्हैसूरजवळच्या रामपुरा गावावरचं पुस्तक त्यांना बरंचसं आठवणीतून लिहावं लागलं, हे तुम्हीच आम्हाला दरवर्षी दरडावून सांगायचात. तुमच्या मुलाखतींच्या वह्या मात्र अजून माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत आहेत. पेडण्याचा पाऊस काय तुम्हाला ठाऊक नाही? चतुर्थीच्या सुटीत आम्ही चौघीजणी स्कॅनर घेऊन येतो. जेवण आमचं आम्ही आणू. तुम्ही फक्त पेटीची किल्ली शोधून ठेवा.

आपली विद्यार्थिनी,
डिचोली