बाबांच्या डोळ्याच्या वेळी मी नसेन

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बोलायचे राहून गेले ते लिहून कळवते आहे, कारण आईचा आवाज ऐकला की माझा निश्चय ढळतो. बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मी डिसेंबरात येणार नाही. तिकीट रद्द केले आहे.

माझी पीएच.डी.मधली कँडिडसीची, म्हणजे पात्रतेची, परीक्षा १४ जानेवारीला, नेमकी उत्तरायणाच्या दिवशी ठरली. बाबा, तुम्ही विचारता ती किती गुणांची. तिला गुणच नसतात. वर्ग संपल्यावर विद्यार्थ्याच्या हाती प्रबंध सोपवावा की नाही, हे तिच्यावर ठरते. आधी संशोधनाचा आराखडा आणि लेखी उत्तरे द्यायची, मग चार प्राध्यापकांसमोर दोन तास तोंडी परीक्षा, ज्यात प्रत्येक उत्तरावर 'हे कशावरून?' असे विचारत आपली माहिती संपेपर्यंत नेतात. नापास झाले तर आमच्या विभागात एकदाच पुन्हा बसता येते. तेही हुकले तर एम.ए. घेऊन परतावे लागते. तारीख पुढे नेता येईल का, हे मी दोनदा विचारले, परंतु समितीतील एक प्राध्यापक फेब्रुवारीपासून वर्षभर रजेवर आहेत आणि यादीतील चाळीस पुस्तके अजून वाचायची आहेत. शस्त्रक्रियाच मार्चपर्यंत थांबवू, असे बाबा म्हणाले, ते मात्र मी ऐकणार नाही. माझ्यासाठी तुम्ही आणखी तीन महिने अंधूक पाहायचे, हे मला सहन होणार नाही.

सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावले आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या बडोदे संस्थानातील खेड्यांतून फिरू लागल्या, हा माझा विषय. पण माझ्यासाठी त्याची सुरुवात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत झाली. काचेच्या फरशीवर पाय ठेवायला मी तयार नव्हते, तेव्हा बाबा, तुम्ही आधी स्वतः पलीकडे चालत गेलात आणि तिथून दोन्ही हात पुढे करून उभे राहिलात. मागच्या आठवड्यात सरावाच्या वेळी मला विचारले, ती फरशी काचेची का? वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून, हे उत्तर मी तुमच्याच शब्दांत दिले.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, रोज वरणभात होतो आणि आईचे मेतकूट अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. दादा चार दिवसांची रजा काढून येतो आहे. त्याच्याकडून धावपळीची कामे करून घ्या, संकोच करू नका.

आई, थेंब घालण्यापूर्वी हात साबणाने धुवायचे आणि दोन औषधांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्यायची. बाबा, डोळा चोळायचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, रात्री झाकण लावूनच झोपायचे आणि साखर आधी तपासून घ्यायची. या वर्षी पतंगासाठी गच्चीवर जाणे नाही. फिरकी धरायलासुद्धा नाही. रागावू नका, उंधियू खाली बसूनही तितकाच छान लागतो.

माझी परीक्षा इथे सकाळी दहाला, म्हणजे तिथे रात्री साडेआठला सुरू होईल. साडेदहानंतर मी फोन करीन. जागू नका म्हटले तरी तुम्ही जागणारच, म्हणून दुपारी दोघांनीही झोप काढा.

तुमची,
छकुली