पहिला प्रश्न मानधनाचा विचारल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

जीवाश्मशास्त्राच्या इंटर्नशिपचा आराखडा घेऊन आम्ही आलो, तेव्हा खोदकामाची जागा, तंबू, गाड्या यांबद्दल विचाराल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "मानधन किती, आणि पहिला हप्ता कधी?" सुट्टीत कमवावंच लागतं अशा घरातली मुलं फुकट राबायला येणार नाहीत. मानधन शेवटी दिलं, तर बूट आणि प्रवासभाडं आधी कुणी भरायचं? आमच्या समोर बसून तुम्ही तो हिशेब मांडलात.

पण खरे आभार कामाच्या निवडीबद्दल. भूविज्ञानाच्या जाहिरातीत डोंगर, हातोडा आणि उन्हाने रापलेले चेहरे ठरलेले. ज्यांना चढण जमत नाही, ज्यांच्यावर घरचं कुणी अवलंबून आहे, मुक्कामी शिबिराला ज्यांना घरून परवानगी नाही, त्यांची गळती तिथेच होते. तुम्ही तळघरातल्या, बारीक जीवाश्म दडलेल्या गाळाच्या गोण्या दाखवल्यात. गाळ भिजवायचा, चाळणीत धुवायचा, वाळवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दात, खवला, मणका वेचायचा. हे बसून होतं, अर्धवेळ होतं. आणि दुय्यम तर मुळीच नाही. डायनोसॉरच्या काळातल्या कितीतरी सस्तन प्राण्यांची ओळख आपल्याला केवळ दातांवरून आहे! क्षेत्रभेट ठेवली आहे, पण ऐच्छिक आणि एका दिवसाची.

नमुना वेचणाऱ्याचं नाव संग्रहाच्या नोंदीत गेलंच पाहिजे, हा हट्टही तुमचाच. इंग्लंडमधल्या जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने १८२३ साली प्लेसिओसॉर या लांब मानेच्या प्राचीन सागरी सरीसृपाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा शोधला. पुढच्या वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर निबंध वाचला गेला, त्यात तिचं नाव नव्हतं. त्या सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिलं ते १९१९ मध्ये. एवढा इतिहास पाठीशी असताना नोंदीतल्या एका ओळीची काटकसर कशाला करायची, असं तुम्ही म्हणालात. आमच्यातल्या एकालाही त्यावर उत्तर सुचलं नाही.

एका महाविद्यालयातून एकटादुकटा विद्यार्थी न घेता किमान दोघं घ्यायची, ही तुमची सूचनाही मंजूर झाली. अर्जातला 'पूर्वानुभव' हा रकाना काढला आहे. शिफारसपत्राबाबत मात्र आपलं अजून जमलेलं नाही. तुम्हाला ते नकोच आहे, मला एखादं छोटं तरी हवंय. पुढच्या बैठकीत भांडू.

आपली नम्र,
नियोजन गटातली एक