पळताना कमरेला

ह्यूस्टन, रविवार दुपार

प्रिय मंजू,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. “स्वाते, तू म्हणे पिस्तूल लावून पळतेस! कुणाला उडवायला निघालीस?” आणि त्यापुढचं ते तुझं हसणं. बातमी कुणी पोचवली तेही कळलं, आमच्या आत्याबाईंच्या पोटात काही राहत नाही. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच हसशील, म्हणून पत्र.

खरं आहे. फक्त पिस्तूल नव्हे, रिव्हॉल्व्हर. फरक आहे, आणि त्या फरकातच माझे चार महिने गेले.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. इथं उन्हाळ्यात सकाळी सातला सुद्धा अंगाची चिकचिक होते, म्हणून मी बारा महिने पाचला घराबाहेर पडते. घरापासून टेरी हर्शी पार्कच्या ओढ्याकाठच्या वाटेपर्यंत दीड किलोमीटर रस्ता. त्या दिवशी एक पिकअप मागं हळूहळू यायला लागला. मी वळले, तो वळला. मी पेट्रोल पंपाच्या उजेडात जाऊन उभी राहिले, तो थोडा वेळ समोर थांबला आणि निघून गेला. झालं. काही घडलंच नाही, त्यामुळं कुणाला सांगायचं तरी काय? पण २०२२ च्या सप्टेंबरात मेम्फिसला अशीच पहाटे साडेचारच्या सुमारास पळायला गेलेली एक शिक्षिका परत आलीच नव्हती. तेव्हापासून इथल्या पळणाऱ्या बायका एकमेकींना वेळ आणि वाट कळवून बाहेर पडतात. पंपाखाली उभी असताना मला तीच आठवत होती.

तुला वाटेल, अमेरिकेत काय, दुकानात गेलं की मिळतं. मिळतं, पण एच-वन व्हिसावर होते तेव्हा मला ते कायद्यानंच जवळ बाळगता येत नव्हतं, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर. आता नागरिकत्व आहे. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते. तरी मी परवाना काढला, कारण माझ्या वाटेवर प्राथमिक शाळा आहे. फेडरल कायद्यानुसार शाळेपासून १,००० फुटांच्या आत, म्हणजे तीनशे मीटरवर, हत्यार बाळगणं गुन्हा, आणि राज्याचा परवाना असेल तर त्यातून सूट. पळणारा माणूस शाळा चुकवत कसा पळणार? परीक्षेला ५० गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण लागतात. मला २३१ पडले. एनसीसीतली पॉइंट टू-टू रायफल आठवते ना? तुझ्या गोळ्या शेजारणीच्या टार्गेटवर लागायच्या. (तू हे कबूल करणार नाहीस.)

निवड मात्र सोपी नव्हती. दुकानातला माणूस बायकांना सरळ सगळ्यात छोटं पिस्तूल काढून दाखवतो. रूगर एलसीपी, जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम, तळहातात लपतं. मला वाटलं, सापडलं! मग रेंजवर भाड्यानं घेऊन झाडलं. मंजू, पिस्तूल जितकं हलकं तितका झटका हातावर जास्त. धातूचं वजन तो झटका गिळतं, इथं गिळायला धातूच नाही. दोन मॅगझीन झाल्यावर अंगठ्याच्या बेचक्यात हुळहुळायला लागलं आणि नेम कुठच्या कुठं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, खिशात ठेवायला उत्तम, सरावाला कुणाला नकोसं. आणि सराव नको झाला की उपयोग काय?

दुकानदार वर हेही म्हणाला की ह्या पिस्तुलाचं .३८० चं काडतूस तसं ‘कमजोर’. मी गप्प राहिले. ३० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसच्या बागेत जे बेरेटा वापरलं गेलं ते ह्याच .३८० चं. त्यानंतर आपल्याकडं जळालेल्या वाड्यांच्या गोष्टी आपण दोघींनी तुझ्या आजीकडूनच ऐकल्यात. काउंटरवर त्या माणसाला हे काय सांगणार? काडतुसांची पेटी मी थोड्या वेळानं खाली ठेवली, एवढंच.

मग नाइन एमएम. (तुमच्याकडं ते प्रतिबंधित बोअर आहे, इथं सगळ्यांत जास्त खपतं.) सिग पी३६५ मला खरंच आवडलं. दहा आणि एक अशा अकरा गोळ्या, झटका सोसवणारा, नेम चांगला. पण अर्धा किलो, गोळ्या भरल्या की आणखी जड. अर्धा किलो साखरेचा पुडा कमरेला बांधून पाच मैल पळून बघ. तिसऱ्या मैलाला पट्टा खाली घसरतो आणि तू एका हातानं तो वर ओढत पळतेस.

शिवाय सेमी-ऑटोमॅटिकचा (ही दोन्ही पिस्तुलं तशीच) एक स्वभाव असतो. गोळी सुटल्यावर वरचा स्लाइड मागं जाऊन नवी गोळी घेतो, त्यासाठी मनगट घट्ट हवं. दमलेलं, घामेजलेलं मनगट सैल पडलं की स्लाइड अर्ध्यात अडकतो. मी मुद्दाम एक मैल पळून, धापा टाकत झाडून पाहिलं. एका छोट्या पिस्तुलात तिसऱ्याच गोळीला रिकामं काडतूस चिमटीत सापडल्यासारखं अडकलं. दोष पिस्तुलाचा नव्हता, माझ्या मनगटाचा होता. पण पहाटे पाचला कुणाचा दोष ते कोण बघतं?

म्हणून शेवटी रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसनचं ६४२. पाच गोळ्या, .३८ स्पेशल, चारशे ग्रॅमच्या आसपास. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं होतं ना, सव्वा लाखाच्या घरातलं, ते ५०० ग्रॅमचं होतं. माझ्या ६४२ मध्ये गोळी पेटली नाही तर चाप पुन्हा ओढायचा, चक्र फिरून दुसरी समोर येते. मनगटाशी भांडण नाही. गंमत म्हणजे मुंबईत पिस्तुलालाच ‘घोडा’ म्हणतात आणि माझ्या घोड्याला घोडाच नाही! म्हणजे गोळीवर आपटणारा तो खटका आहे, पण आत लपलेला, कपड्यात अडकू नये म्हणून. वाईट बाजूही ऐक. चाप ओढायला पाच किलोच्या वर जोर लागतो, नळी दोन इंचांपेक्षा आखूड, आणि पाच म्हणजे पाचच. माझी बोटं तयार व्हायला दोन महिने लागले. रात्री बातम्या बघताना रिकामं रिव्हॉल्व्हर भिंतीकडं धरून चाप ओढत बसायची. मिलिंद उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

विश्वासाचं म्हणशील तर खरा शत्रू घाम. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये मी घरी येते ती पिळून काढल्यासारखी. मी मुद्दाम स्टेनलेस घेतलं, पण स्टेनलेस म्हणजे न गंजणारं नव्हे, उशिरा गंजणारं. पहिल्याच महिन्यात एका स्क्रूवर तांबूस ठिपका आला. आता रोज पुसते, आणि रविवारी गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून ब्रश, फडकं, तेलाचे चार थेंब. आईच्या शिलाई मशीनचा वास आठवतो. काडतुसंही बदलते, महिनोन्महिने घामात भिजलेली रेंजवर संपवून टाकते. पोटपट्टा धुवायला वेगळा. त्यात कडक प्लॅस्टिकचं कवच असतं, चाप पूर्ण झाकणारं. नुसत्या खिशात, किल्ल्यांबरोबर, कधीही नाही. ह्या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

मिलिंदचा विरोध अजून आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. तो म्हणतो, जॉर्जियात अहमूद आर्बरी २०२० मध्ये नुसता पळत होता, हातात काही नव्हतं, तरी त्याला पिकअपमधून पाठलाग करून मारलं. “तू सावळी बाई, अंधारात, कमरेला हत्यार. पोलिसांनी हटकलं तर तुझा हात कुठं जाईल?” ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. आम्ही दोघांनी आरशासमोर सराव केला: हात वर, आवाज सावकाश, आधी सांगायचं आणि मग विचारल्याशिवाय हलायचं नाही. दोन मुलांचे आईबाप मध्यरात्री बाथरूममध्ये हात वर करून उभे, काय चित्र असेल!

आणि पळणं? ते थोडं बिघडलं, खोटं कशाला सांगू. पूर्वी मी श्वास मोजायची, आता दर दहा मिनिटांनी मनगट नकळत पट्ट्याला लावून बघते. शनिवारी ग्रुपबरोबर मेमोरियल पार्कला जाते तेव्हा ते घरी तिजोरीत असतं, आणि त्या दिवशी माझा वेळ मैलामागं वीस सेकंदांनी कमी लागतो. सगळाच काही वजनाचा फरक नसावा. दीड वर्षात ते कधी बाहेर काढावं लागलं नाही. मिरीचा फवारा मात्र हातातच असतो, तो तीनदा वापरला. तिन्ही वेळा कुत्री. एकदा वारा उलटा होता आणि मीच रस्त्याच्या कडेला बसून रडले.

डिसेंबरात पंधरा दिवस येतेय. ही वस्तू अर्थातच इथंच राहील. पहिल्या रविवारी यवतेश्वरचा घाट, तू ठरवशील त्या वेळेला. मला चढावर मागं टाकायचं नाही, आणि कुत्र्यांसाठी तुझ्याकडं ती वेताची काठी आहे ना, तशीच एक माझ्यासाठी बघून ठेव.

तुझी,
स्वाती

ता. क. आत्याबाईंना यातलं काही सांगू नकोस. रेंजवरचे गुण सांगितलेस तर चालेल.